टोल्याचा आवाज

१

सकाळी भांडी वाजली की आधी कुत्री उठायची आणि मग वन्सं. वन्संना हे कबूल नसायचं. "मी केव्हाची जागी आहे," त्या म्हणायच्या, "तुझ्या पाहुण्यांच्या कोकलण्यानं मेलेला माणूससुद्धा उठून बसेल." पाहुणे म्हणजे कुत्री. परगावी निघालेली, दवाखान्यात भरती व्हायला निघालेली माणसं आपापलं कुत्रं वहिनीकडे ठेवून जात. त्याच आवारात, मधे एक तारेची जाळी सोडली तर अगदी खेटून, वन्संची नर्सरी होती. जागा सासऱ्यांची. मुलाच्या वाट्याला मागचा अर्धा भाग आला, मुलीच्या वाट्याला पुढचा. मुलगा, म्हणजे वहिनीचा नवरा, नोकरीसाठी दूर राहायचा, त्यामुळे मागच्या भागात वहिनी आणि तिची कुत्री, पुढच्या भागात वन्सं आणि त्यांच्या कुंड्या, असा तो संसार होता. दोघींचं दिवसभर वाजायचं आणि एकमेकींवाचून पानही हलायचं नाही.

वहिनीच्या कामाला शिस्त होती. कुत्र्यांच्या खोल्या एका ओळीत, समोर लांब बोळ. बोळाच्या एका टोकाला आतलं दार, दुसऱ्या टोकाला बाहेरचं, आणि नियम एकच: एक उघडं असेल तर दुसरं बंद. नव्या गिऱ्हाइकाला ती हे मोठ्या ऐटीत सांगायची. "माझ्याकडून आजवर एक शेपूटही बाहेर गेलेलं नाही," असं म्हणायची, आणि ते खरं होतं.

तर त्या सकाळी ती ओळीनं भांडी ठेवत गेली. केसाळ पांढरीपुढे भात, जाड्या लॅब्रॅडॉरपुढे मोजून थोडा, चावऱ्यापुढे लांबूनच सरकवून. शेवटची खोली पाण्याच्या टाकीखाली होती. तिथेही तिनं भांडं ठेवलं, पाणी ओतलं, कडी घातली. खोलीत कुत्रं नव्हतं.

जाळीपलीकडून वन्संनी ते पाहिलं. त्या पिशव्यांत माती भरत होत्या.

"कोणाला जेवायला वाढतेस गं?"

"असू दे हो."

"असू दे काय? फोन कर आणि सांगून टाक. जितकं लांबवशील तितकं तोंड दाखवायला जड जाईल."

वहिनीला हे कळत होतं. म्हणून तर ती वर मान करून बघेना.

२

त्या खोलीत टोला राहायचा. घड्याळवाल्या काकांचा कुत्रा, तपकिरी रंगाचा, एक कान दुमडलेला, आता म्हातारा. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. काकू गेल्यावर दुकानाच्या पायरीवर हे पिल्लू येऊन बसलं ते उठलंच नाही. भुंकायचं तेही एकदा, मग थांबून पुन्हा एकदा, भिंतीवरच्या जुन्या घड्याळानं ठोके द्यावेत तसं. म्हणून नाव टोला. त्याच्या पट्ट्याला काकांनी घड्याळाची एक पितळी किल्ली अडकवली होती. तो चालला की ती बारीक किणकिणायची.

काका घरात पडले, खुबा मोडला. शस्त्रक्रिया करायची ठरली. काकांच्या भाचीनं टोल्याला आणून सोडलं आणि सोबत मामाचा एक जुना सदरा दिला. "याच्यावर झोपतो तो. मामाचं म्हणणं आहे, आपलं काही नाही, टोल्याला तेवढं जपा."

वहिनीनं जपलं. टोला इतका शहाणा की ती त्याला दिवसभर बोळात मोकळा सोडायची. विचारल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे. दारापेक्षा तिचा त्याच्यावर जास्त विश्वास होता.

मग वन्संना एका नव्या ऑफिसची मोठी मागणी आली. दारात ठेवायला उंच पाम हवा होता, आजच. तो पाम ड्रममध्ये लावलेला, मागे टाकीपाशी उभा. बाहेर काढायचा तर वाट बोळातूनच. टेम्पोवाला रस्त्यावर भोंगा वाजवत होता, वन्सं "चल लवकर, चल लवकर" करत होत्या. हातगाडी ढकलायला दोन्ही हात लागतात, दारं धरायला कोण? वहिनीनं एक कुंडी उचलून आतल्या दाराला टेकू दिला आणि दुसरी उचलून बाहेरच्या दाराला. सगळ्या जगाला ऐकवलेला नियम तिनं दोन कुंड्यांनी मोडला. पामच्या फांद्यांनी डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं. गाडी टेम्पोत चढली, टेम्पो गेला, ती घाम पुसत परत आली, तेव्हा बोळ रिकामा होता. ते "चल, चल" टोला आपल्यालाच मिळालेली परवानगी समजला असावा.

ती धावली. पण खरी लाजेची गोष्ट पुढे आहे. ती गल्लोगल्ली फिरली आणि हाक मारली ती दबक्या आवाजात. कोणी विचारलं "काय शोधताय?" तर म्हणाली, "काही नाही, सहज." कुत्री सांभाळणारी बाईच कुत्रं हरवून बसली हे कोणाच्या कानावर जायला नको होतं. भिंतींवर कागद लावायला वन्संनी सांगितलं, तेही तिनं केलं नाही. मोठ्यानं हाक मारली असती तर कदाचित त्यानं ऐकली असती. हा विचार नंतर तिला जेवताना यायचा आणि घास तोंडात फिरायचा.

३

रिकाम्या खोलीत भांडं ठेवलं त्याच दुपारी भाचीचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं.

"मामांना जराही त्रास होईल असं बोलायचं नाही म्हणाले डॉक्टर. पण ते टोल्याचं विचारतायत. देते हं."

वहिनीनं तोंड उघडलं. आता सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पलीकडून काकांचा आवाज आला, इतका बारीक की तिला तो ओळखूच आला नाही.

"वहिनी, जेवतो का हो तो?"

"जेवतो काका."

"रुसला असेल."

"थोडा. आता झोपलाय. सदऱ्यावर."

झालं. एकदा निघालं की मागून निघतच राहतं. दुसऱ्या दिवशी टोला फिरून आला होता, तिसऱ्या दिवशी त्यानं लॅब्रॅडॉरशी दोस्ती केली होती. खोटं बोलायला तिला फार डोकं चालवावं लागेना. वन्सं जाळीपलीकडून ऐकायच्या आणि नुसत्या मान हलवायच्या.

मग एका दुपारी काका म्हणाले, "एकदा त्याचा आवाज ऐकवा. फोन नुसता त्याच्या तोंडापाशी धरा. मी टोला म्हटलं की तो बोलतो."

"आत्ता तो बाहेर आहे, काका..."

"थांबतो मी. मला इथे दुसरं काय काम आहे?"

वहिनी फोन घेऊन नर्सरीत शिरली. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली रोपांच्या ट्रेच्या मांडण्या होत्या. दोन मांडण्यांमधल्या चिंचोळ्या जागेत ती खाली बसली, मग गुडघे टेकले, मग एक हात जमिनीवर टेकला, कारण उभ्यानं तसला आवाज निघत नव्हता. फोनमधून "टोल्या, ए टोल्या" अशी हाक आली. आणि पन्नाशीला आलेली, घरात सून यायची वाट बघणारी ती बाई भुंकली. एकदा. थांबली. पुन्हा एकदा. कोकोपीटची, नारळाच्या काथ्याची, भुकटी घशात गेली आणि शेवटी तिला बारीक खोकला आला.

 फोनमध्ये काका हसत होते की रडत होते ते कळेना. "तोच," ते म्हणाले. "तोच माझा. खोकतोय का हो?"

"हो," वहिनी म्हणाली, "जरासा."

मान वर केली तर मांडणीच्या टोकाला वन्सं झारी घेऊन उभ्या. आधी त्यांना हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "उठ बाई तू आधी. मला बघवत नाही."

वहिनी उठली. तळहाताला माती लागली होती, गुडघ्यांवर दोन ओले डाग होते. त्या दिवशी ती वन्संशी बोलली नाही. रागानं नव्हे. तोंड उघडलं की त्यातून पुन्हा तोच आवाज निघेल असं तिला वाटत होतं.

४

रिकाम्या खोलीत ती भांडं का ठेवायची, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. भात शिजवताना हात आपोआप टोल्याचा वाटा घालायचा. आणि तो वाटा टाकून देणं म्हणजे तो गेला हे मान्य करणं. संध्याकाळी ती भांडं उचलून भात गल्लीतल्या मांजरांना घालायची.

भुंकण्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडं रिकामं होतं.

घूस, तिनं मनाशी म्हटलं. घूस खाते. पण घूस भात सांडते. हे भांडं चाटून पुसून लख्ख होतं, कुत्रं करतं तसं. पाण्याचं भांडं अर्ध्यावर आलं होतं. ऊन, ती म्हणाली. उन्हानं आटलं. शेवटच्या खोलीवर टाकीची सावली असते हे तिला माहीत होतं, पण तिनं ते स्वतःला आठवू दिलं नाही.

मग सदऱ्याचं. तो तिनं घडी करून कोपऱ्यात ठेवला होता. आता तो पसरलेला होता आणि मधोमध गोल दबला होता. तिनं हात लावला. सदरा कोमट होता. तिनं लगेच हात काढून पदराला पुसला आणि खोलीच्या चारही भिंती पाहिल्या, छत पाहिलं, कडी पाहिली. कडी तिनंच बाहेरून घातली होती, तिनंच आत्ता काढली होती.

"मांजर," ती मोठ्यानं म्हणाली. दाराच्या जाळीतून आत शिरायला मांजराला पाण्यासारखं व्हावं लागलं असतं.

बाकीची कुत्री तेवढी विचित्र वागत होती. चावरा, जो स्वतःच्या सावलीवर धावून जायचा, तो गप्प झाला होता. सगळीच्या सगळी आपापल्या खोलीत त्या टोकाकडे पाठ करून बसायची. भांडं घेऊन ती आली तरी वळायची नाहीत. ती पुढे निघून गेल्यावर मग जेवायची.

५

"बरं झालं बाई," वन्सं एका सकाळी म्हणाल्या. त्या कलमांना पाणी घालत होत्या आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा होता. "निदान मला सांगायचंस तरी. मी उगाच तुला बोल लावत बसले."

"काय सांगायचं?"

"आला ना तुझा टोला?"

वहिनीच्या हातात भांड्यांची चवड होती. ती तिनं सावकाश खाली ठेवली.

"काल तू बाजारात गेलीस ना, तेव्हा ऐकला मी," वन्सं सांगत होत्या. "मागे, टाकीपाशी. एकदा भुंकला, थांबला, पुन्हा भुंकला. म्हटलं, आला शहाणा. मी इथूनच हाक मारली, पण तो काही जाळीपाशी आला नाही. भटकून भटकून आजारी पडलाय गं तो. शेवटी खोकला त्याला."

"वन्सं, तुम्ही पाहिलात का?"

"खोलीतलं दिसतंय कुठे इथून? काढा दे जरा त्याला, किंवा डॉक्टरला दाखव. काकांच्या हवाली करायचा तर धड करायला हवा."

टोला आयुष्यात कधी भुंकल्यावर खोकला नव्हता. खोकली होती ती वहिनी. काल ती बाजारात होती, तिच्या हातात भाजीची पिशवी होती, भाजीवाली तिच्याशी तिच्या मुलीचं बोलत होती. ती तिथे होती हे सांगणारी माणसं तिला मिळाली असती. पण तिला ती कोणासमोर उभी करायची होती?

"हो," ती वन्संना म्हणाली. "आलाय. सांगायचं राहिलं."

हे ती का म्हणाली? कारण वन्संच्या चेहऱ्यावरचा ओशाळलेपणा गेला होता. इतके दिवस वन्सं तिच्या वतीनं ओशाळून वावरत होत्या, आणि ते तिला सोसत नव्हतं.

६

दुपारी आवारात सामसूम असते. वन्सं आत आडव्या झालेल्या, गिऱ्हाईक नाही, मांडवात ठिबकणाऱ्या नळीचा तेवढा आवाज. वहिनी झाडू घेऊन शेवटच्या खोलीपाशी गेली. दाराचा खालचा अर्धा भाग पत्र्याचा होता, वरचा जाळीचा. जाळीतून पाहिलं तर खोली रिकामी. समोरची भिंत, सदरा, भांडं. पत्र्याच्या अगदी आत, दाराला लागून जे काही असेल ते मात्र उभ्या माणसाला दिसत नाही.

ती ऐकत राहिली. पत्र्याच्या पलीकडे, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर, कोणीतरी श्वास घेत होतं. कुत्रं उन्हात धापा टाकतं तसा नव्हे. लपून बसलेलं माणूस आवाज होऊ नये म्हणून घेतं तसा, तोंडानं, बेतानं.

"कोण आहे?" तिनं विचारलं. विचारल्यावर तिचे कान गरम झाले. रिकाम्या खोलीला कोण आहे म्हणून विचारणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील?

तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. भाचीच होती. मामा आज बसून जेवले, म्हणाली. टोल्याला ऐकायचं म्हणतायत.

वहिनीनं मांडवाकडे पाहिलं. पुन्हा तिथे जायचं, पुन्हा गुडघे टेकायचे. तिनं पाऊलही उचललं होतं. फोनमधून काकांची हाक आली, "टोल्या, ए टोल्या," आणि पत्र्याच्या आतून उत्तर आलं. एक भुंकणं. थांबणं. दुसरं. मग तो बारीक खोकला, तिच्या घशातला, तिचाच. टेपवर स्वतःचा आवाज ऐकला की जसं आपण नको नको म्हणतो, तसं तिला झालं.

आणि तिनं काय केलं? पळाली नाही. ओरडली नाही. तिनं हात लांब केला आणि फोन दाराच्या जाळीला लावून धरला, त्याला सोयीचं व्हावं म्हणून. काका पलीकडे बोलत राहिले, आतून मधूनमधून उत्तर मिळत राहिलं, आणि वहिनी तोंड फिरवून उभी राहिली. तिला भीती वाटत होतीच. पण त्याहून जास्त तिला हायसं वाटत होतं, की आज आपल्याला भुंकावं लागलं नाही. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या हायसं वाटण्याची.

त्यानंतर रोज ती फोन घेऊन तिथे जायची आणि हात लांब करायची. आत डोकावून तिनं पाहिलं नाही. भातात मात्र दोन तुकडे जास्त घालू लागली.

७

काकांना घरी सोडणार त्या सकाळी ती सगळं ठरवून उठली. आल्या आल्या सांगायचं. पाणी देण्याआधी, बसा म्हणण्याआधी. काका, माझ्याकडून दार उघडं राहिलं, टोला गेला, आणि इतके दिवस मी तुम्हाला फसवलं. वाक्य तयार होतं. भांडी घासताना तिनं ते म्हणून पाहिलं. काकांनी काय वाट्टेल ते बोलावं, थुंकावं तोंडावर, पण हे त्यांच्याबरोबर घरी जाता कामा नये.

दुपारी भाचीची गाडी दारात थांबली. काका वॉकर धरून उतरले. अंगातला सदरा सैल झाला होता, पण दाढी गुळगुळीत केली होती, केस विंचरले होते. कोणाला भेटायला जाताना करतात तसं. हातात नवा पट्टा आणि साखळी होती.

"काका, आधी माझं एक ऐका," वहिनी म्हणाली.

काकांनी वॉकर सोडून दोन्ही हात जोडले. ते किंचित डगमगले, भाचीनं धरलं. "तुमच्या पाया पडलो असतो वहिनी, पण कंबर वाकत नाही. मी त्या पलंगावर जगलो ते त्या आवाजावर. डॉक्टर काही म्हणोत."

वहिनीचं तयार वाक्य तयारच राहिलं. 

"कुठल्या खोलीत आहे? तुम्ही थांबा इथेच. मला ओळखतो का बघू दे."

वहिनीनं टाकीकडे बोट केलं आणि ते वॉकर ठोकत बोळात शिरले. त्या आवाजाबरोबर एकेक कुत्रं उठलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलं. भाचीला तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला आणि ती गाडीपाशीच थांबली. वहिनी मांडवात उभी राहिली. जायला हवं होतं. हाक मारायला हवी होती, या खेपेला तरी मोठ्यानं. ती रोपांच्या मांडणीमागे गेली आणि ट्रे नीट लावू लागली. नीटच होते ते.

कडी वाजली. "टोल्या," काका म्हणाले. "अरे माझ्या बाळा." मग त्यांचं हळूहळू बोलणं, जे ऐकणं बरं नव्हे असं. मग साखळीचा आवाज, पट्ट्याचं बक्कल.

वहिनी वाकली. मांडणीच्या खालच्या फळीखालून, तारेच्या जाळीपलीकडे, बोळाची जमीन दिसत होती. हिरव्या उजेडात काकांची पावलं दिसली, वॉकरचे चार पाय दिसले. त्यांच्या शेजारी दुसरं काहीतरी होतं. तपकिरी होतं, उंची बरोबर होती. काकांचा हात वरून येऊन त्यावर फिरत होता. तेवढ्यावर ती फसली असती. मग ते पुढे सरकलं आणि तिला मागचा भाग दिसला. कुत्र्याचे मागचे पाय असतात तसे ते नव्हते. ते गुडघ्यांवर टेकलेलं होतं. तळवे उलटे, वर वळलेले, मातीनं माखलेले. मांडण्यांमधल्या त्या चिंचोळ्या जागेत ती स्वतः जशी टेकली होती, तसे.

वहिनीनं डोळे मिटून घेतले. वॉकर जवळून गेला, साखळी जवळून गेली. मधे कोणीतरी क्षणभर थांबल्यासारखं झालं, तिच्या अगदी शेजारी. तिनं डोळे उघडले नाहीत.

"किल्ली कुठे गेली हो त्याची?" काकांनी विचारलं.

"जाळीत अडकून पडली कुठेतरी," ती म्हणाली. "सापडली की देते."

"जाऊ दे. तो मिळाला ना."

गाडीचं दार उघडलं. भाचीचा आवाज आला, "अगंबाई, बसलाय बघा कसा, माणसासारखा." मग दार लागलं आणि गाडी गेली.

वन्सं आतून पदर सावरत आल्या. "गेले? मला उठवायचं नाही का? मला टोल्याला बघायचं होतं." मग वहिनीकडे नीट बघून त्यांचा आवाज उतरला. "खरं सांग. आला नव्हताच ना तो? दुसरा आणून दिलास ना? हुबेहूब मिळाला का गं?"

"हो," वहिनी म्हणाली.

"काकांना कळलं नाही?"

"नाही."

 "काय बोलू मी तुला," असं म्हणून वन्सं आत गेल्या.

८

शेवटची खोली तिनं धुतली. सदरा जाळला. भांडंही टाकून दिलं. कुत्री पुन्हा कोकलू लागली, चावरा पुन्हा सावलीवर धावून जाऊ लागला, आणि तिला वाटलं, संपलं. माणसाला किती लवकर वाटतं तसं.

एके दिवशी ती बाहेरच्या दाराशी कुंड्या हलवत होती. ऊन उतरायला लागलं होतं. किणकिण ऐकू आली. हळू, मधेच थांबणारी. पितळेवर पितळ.

दाराबाहेर टोला उभा होता. हाडं मोजून घ्यावीत असा. एक पाय उचलून धरलेला, अंगावर गोचिडी, दुमडलेला कान फाटलेला, पट्टा मात्र गळ्यात आणि पट्ट्याला किल्ली. कुठून कुठे भटकून आला असेल, कोण जाणे. दार उघडंच होतं, पण तो उंबऱ्याशी थांबला होता आणि तिच्याकडे बघत होता. विचारत होता.

"ये," वहिनी म्हणाली आणि मग तिला रडू आलं. ती तिथेच त्याच्यापाशी खाली बसली, गोचिडींसकट त्याला पोटाशी धरून. तो खरा होता. त्याला घाण वास येत होता. "मी सांगते," ती त्याला म्हणाली. "आत्ता सांगते, तुझ्यासमोर."

तिनं फोन लावला. या खेपेला वाक्य तयार केलं नाही. पहिल्याच घंटेला काकांनी उचलला.

"वहिनी! शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला. आत्ताच तुमचा विषय चालला होता."

"काका, टोला..."

"अहो, तो मला एक मिनिट सोडत नाही. मी बसलो की बसतो, उठलो की उठतो. झोपतो तोही माझ्या पलंगावर, उशीला डोकं ठेवून. आधी कधी असं करत नव्हता. भाचीला तेवढी त्याची भीती वाटते. म्हणते, मामा, हा बघतो कसा. मी म्हणतो, मला एवढं प्रेम कोणी दिलंय?"

"काका, माझं ऐका. तुमच्याजवळ जे आहे..."

"खोकला मात्र गेला नाही हो त्याचा. हे बघा, तुमचा आवाज ऐकून कसा आला. थांबा, ऐकवतो."

फोन कुठेतरी खाली नेल्याची खरखर झाली. मग आधी श्वास, तोंडानं घेतलेला, बेतानं. मग एक भुंकणं. थांबणं. दुसरं. आणि तो बारीक खोकला.

वहिनीच्या मांडीवर टोल्याचे कान उभे राहिले. त्यानं फोनकडे पाहिलं नाही. मान वर करून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"ऐकलंत?" काका पुन्हा फोनवर आले होते. त्यांचा आवाज सुखानं भरला होता. "बोला, कशाला फोन केला होता?"

वहिनीनं ओठांवरून जीभ फिरवली. गल्लीतून कोणीतरी जात होतं. तिनं टोल्याच्या गळ्यातली किल्ली मुठीत धरली, वाजू नये म्हणून.

"काही नाही, काका," ती म्हणाली. "सहज."

टोल्यानं तिच्या मुठीतून मान सोडवून घेतली. लंगडत तो दोन पावलं पुढे गेला आणि तिच्याकडे पाठ करून बसला.